गाडीच्या चाकोरीतून चालणारा ट्रेलर: वळणारा एक्सल कसा आखायचा

साधा एका एक्सलचा ट्रेलर वळणावर आत कापतो. गाडीचं मागचं चाक कोपरा सोडून नीट निघून जातं आणि ट्रेलरचं चाक फूटपाथवर चढतं किंवा गेटच्या खांबाला घासतं. वागळे इस्टेटमधल्या गाळ्यांच्या गल्ल्यांत किंवा रबाळे-तुर्भेच्या एमआयडीसीतल्या अरुंद गेटांत मोठा वळसा घ्यायला जागाच नसते. ट्रेलरची चाकं वळती केली तर तो गाडीच्याच चाकोरीतून येतो. त्यासाठी लागणारं गणित सोपं आहे. अवघड आहे ती जोडणी, आणि चुका बहुतेक तिथेच होतात.

पर्याय तीन. पहिला, ट्रॅक्टरमागच्या चारचाकी ट्रॉलीसारखा पुढे टर्नटेबल. ओझं भरपूर घेतो, पण दोन ठिकाणी मोडत असल्यामुळे रिव्हर्स घेताना भल्याभल्यांची दमछाक होते. दुसरा, मोकळी फिरणारी कॅस्टर चाकं. बनवायला स्वस्त, पण वेग वाढला की चाक फडफडतं. तिसरा, एकच एक्सल, त्याला किंगपिनवर (चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं ती) वळणारी चाकं, आणि ती गाडीला जोडलेल्या रॉडने वळवायची. मोटारीमागच्या हलक्या ट्रेलरला हा तिसराच घ्यावा. पुढची सगळी मापं त्याची आहेत.

दोन मापं, त्यावर सगळं

गाडीच्या मागच्या एक्सलच्या मध्यापासून हिचच्या (गाडीमागे ट्रेलर जोडायचा जोड) बॉलच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे ‘म’. बॉलच्या मध्यापासून ट्रेलरच्या एक्सलपर्यंतचं अंतर म्हणजे ‘ल’. ‘म’ बंपरपासून मोजू नका, पुढचं सगळं गणित फसतं.

उदाहरणाला म = ०.९ मीटर आणि ल = ३ मीटर धरू. लहान गाडी पूर्ण स्टिअरिंग मारून वळते तेव्हा तिच्या मागच्या एक्सलचा मध्य साधारण ४ मीटर त्रिज्येवर फिरतो. चाकं न वळणारा ट्रेलर असेल तर त्याची त्रिज्या म्हणजे (४² + ०.९² − ३²) याचं वर्गमूळ, २.७९ मीटर. म्हणजे ट्रेलर १.२ मीटर आत येतो. अरुंद गेटात एवढी जागा कुठून आणणार?

तोच ट्रेलर बरोबर ४ मीटरवरून न्यायचा असेल तर त्याची चाकं साधारण २० अंश वळायला हवीत, आणि त्या वेळी गाडी आणि ट्रेलर यांच्यातला कोन ३६ अंश असतो. ८ मीटरच्या वळणावर हेच आकडे ९.८ आणि १८.१ येतात. दोन्हीकडे गुणोत्तर जवळपास तेवढंच, ०.५४ ते ०.५५. म्हणूनच हे काम साध्या रॉडने होतं, हायड्रॉलिक लागत नाही. लहान कोनांसाठी गुणोत्तराचं सूत्र असं:

गुणोत्तर = (ल − म) ÷ (ल + म)

आपल्या मापांना २.१ ÷ ३.९ = ०.५४. गाडी बदलली आणि म १.१ मीटर झाला तर ०.४६. एका गाडीसाठी बसवलेला ट्रेलर दुसरीला तसाच लावला तर चाकोरी चुकते ती याच कारणाने.

चाकं वळतात कुठल्या दिशेला? गाडी डावीकडे वळली की ट्रेलरची चाकं उजवीकडे, म्हणजे वळणाच्या बाहेर. हे उलटं झालं तर ट्रेलर साध्या ट्रेलरपेक्षाही जास्त आत कापतो.

एक्सल

एकूण वजन मालासह ७५० किलो धरलंय. त्यातलं १० टक्के, म्हणजे ७५ किलो, बॉलवर आणि उरलेलं ६७५ दोन चाकांवर, प्रत्येकी सुमारे ३३८ किलो. १४५/७० आर१२ टायर स्वस्तात मिळतात, पण त्यांचा लोड इंडेक्स ६९ म्हणजे ३२५ किलो. ते इथे कमी पडतात. १५५/८० आर१३ घ्या. इंडेक्स ७९, म्हणजे ४३७ किलो. टायरच्या बाजूवर हा आकडा छापलेला असतो, विकत घेताना वाचा.

खड्ड्यात चाकावर स्थिर वजनाच्या तिप्पट मार धरावा, म्हणजे साधारण १० किलोन्यूटन. त्या हिशेबाने स्टब एक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) मुळाशी ३५ मिमी, मटेरियल ईएन८ (मध्यम कार्बनचं पोलाद). किंगपिन २५ मिमी, वर-खाली गनमेटलचे बुश, प्रत्येकी ३० मिमी लांब, आणि खाली थ्रस्ट बेअरिंग. दोन्ही बुशांना ग्रीस निपल हवंच. हब भंगारातला चालेल, पण टेपर रोलर बेअरिंग आणि ऑइल सील नवेच घाला.

किंगपिनला आतल्या बाजूला ८ अंशांचा कल द्या. टायरची त्रिज्या २९ सेंटिमीटर आहे, त्यामुळे या कलाने किंगपिनची रेषा जमिनीपर्यंत येताना ४ सेंटिमीटर बाहेर सरकते. हबच्या उंचीवर किंगपिन टायरच्या मध्यापासून ७५ मिमी आत असेल तर जमिनीवर फरक ३५ मिमीच उरतो. हा फरक मोठा ठेवला तर एका चाकाला बसलेला खड्ड्याचा दणका थेट रॉडवर आणि तिथून गाडीच्या हिच ब्रॅकेटवर जातो. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचं वरचं टोक मागे झुकवणारा कल, २ ते ३ अंश पुरे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. आतलं आणि बाहेरचं चाक सारखं वळून चालत नाही. ४ मीटरच्या वळणावर आतलं २३ अंश आणि बाहेरचं १७.५ अंश वळायला हवं. गाडीच्या पुढच्या एक्सलमध्ये यासाठी स्टिअरिंग आर्म (चाक वळवणारे हात) मागे, मागच्या एक्सलच्या मध्याकडे रोखलेले असतात. इथे चाकं उलट वळतात, म्हणून आर्म पुढे रोखायचे. ज्या बिंदूकडे ते रोखायचे तो एक्सलपासून (ल² − म²) ÷ २ल इतका पुढे असतो. आपल्या मापांना १.३६५ मीटर. वळण मोठं असो वा लहान, हा बिंदू हलत नाही. दोन किंगपिनमधलं अंतर ११५० मिमी आणि आर्म १५० मिमी लांब असेल तर प्रत्येक आर्म सुमारे २३ अंश आत झुकतो आणि एक्सलच्या पुढे बसणारा, दोन्ही आर्म जोडणारा टाय रॉड १०३४ मिमीचा येतो.

भंगारातला एखाद्या गाडीचा अख्खा पुढचा एक्सल आणून तसाच लावला तर आर्म चुकीच्या दिशेला राहतात, बाहेरचं चाक जास्त वळतं आणि टायर थोड्याच दिवसांत कडेने झिजतो. तो एक्सल १८० अंश फिरवून लावला की आर्म पुढे येतात, पण कॅस्टर उलटा होतो आणि चाकं सरळ राहायला तयार होत नाहीत. फिरवलेल्या एक्सलखाली स्प्रिंगचे पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये निमुळती पाचर टाकून कॅस्टर पुन्हा सुलटा करावा लागतो. आधी ८ अंशांच्या आसपास कॅस्टर असलेला एक्सल असेल तर पाचरीने तो निघणार नाही, तो घेऊच नका.

रॉडची जोडणी

एक्सल बीमच्या मध्यावर एक उभी पिन बसवा आणि तिच्यावर फिरणारी १० मिमी जाडीची सेंटर प्लेट. प्लेटच्या पुढच्या टोकाकडून दोन्ही चाकांना टाय रॉड जातील. १०३४ मिमीचा टाय रॉड मग दोन तुकड्यांत येतो, टोकांची जागा तीच. प्लेटचा आडवा हात २२० मिमी, डावीकडे. गाडीच्या हिच ब्रॅकेटवर बॉलच्या उजवीकडे रॉडची पुढची जोड. म्हणजे रॉड उजवीकडून डावीकडे तिरपा, ड्रॉबारच्या (ट्रेलरची पुढची दांडी) खालून जातो. दोन्ही टोकं एकाच बाजूला घेतली तर चाकं चुकीच्या दिशेला वळतात.

बॉलपासून जोडीचं अंतर सूत्राने २२० × २.१ ÷ ३.९ = ११८ मिमी येतं. मोठ्या कोनात मात्र हे कमी पडतं, कारण रॉड कोनाच्या प्रमाणात नाही तर साइनच्या प्रमाणात सरकतो. अरुंद जागेसाठीच ट्रेलर बनवत असाल तर १२६ मिमीपासून सुरुवात करा. ब्रॅकेटच्या पट्टीत १००, ११०, ११८, १२६ आणि १३५ मिमीवर भोकं पाडून ठेवा. रॉड एकच आणि तिरपा असल्यामुळे डाव्या आणि उजव्या वळणात चाकाच्या कोनात साधारण २ अंशांचा फरक राहतो. तो सोसावा, चाकोरीत त्याने काही सेंटिमीटरच पडतात.

पुढची जोड बॉलच्या मध्याच्या उंचीवर आणि बॉलमधून जाणाऱ्या आडव्या रेषेवरच हवी. ती खाली बसवली तर स्पीडब्रेकरवर ट्रेलर मान वर-खाली करतो तेव्हा रॉड ओढला जातो आणि सरळ रस्त्यावरही चाकं वळतात. सेंटर प्लेट चासीवर नव्हे, एक्सलवरच ठेवायची हेही याच कारणाने. ३ मीटरच्या रॉडमध्ये एक्सल ६० मिमी वर आला तरी अंतरात फरक पडतो अवघा ०.६ मिमी. चासीवरून आखूड लिंक आणली तर प्रत्येक खड्ड्यात चाक वळेल. पाट्यांचं पक्कं टोक पुढे, शॅकल (झुलती कडी) मागे.

रॉडसाठी २५ एनबी मीडियम पाइप, बाहेरून ३३.७ मिमी. ३ मीटर लांबीला तो सुमारे ७.९ किलोन्यूटन दाब झाला की वाकतो. नेहमीच्या कामात त्याच्यावर एक-दीड किलोन्यूटन येतो, म्हणून पुरेसा आहे. सळई लावू नका. दोन्ही टोकांना रोज जॉइंट (सगळीकडे वळणारा गोळ्याचा जोड), एकाचे आटे उजवे आणि एकाचे डावे, म्हणजे रॉड न काढता लांबी जुळवता येते. बोल्टांना नायलॉक नट.

वेग आणि लॉक

वळती चाकं ही कमी वेगाची सोय आहे. चाकं उलट वळल्यामुळे ट्रेलर गाडीच्या हालचालीला जास्त चटकन प्रतिसाद देतो. घोडबंदर रोडवर लेन बदलताना हाच गुण शेपूट हलवायला लागतो. म्हणून सेंटर प्लेट आणि एक्सल यांतून आरपार जाणारी १६ मिमीची लॉक पिन हवीच. आवारात आणि गल्लीत, ताशी २० किमीच्या आत, पिन बाहेर. मोठ्या रस्त्यावर पिन आत.

क्रम चुकवू नका: आधी गाडी आणि ट्रेलर सरळ रेषेत, मग पिन आत, मग रॉडचं पुढचं टोक गाडीवरून सोडवून ड्रॉबारच्या हुकात अडकवायचं. पिन आत आणि रॉड जोडलेला अशा अवस्थेत पहिल्याच वळणावर रॉड वाकतो किंवा ब्रॅकेट फाटतं. आणि लक्षात ठेवा, लॉक केलेला ट्रेलर पुन्हा १.२ मीटर आत कापतो.

सांगाडा, वजन, हिच

कळंबोलीच्या लोखंड बाजारात रेक्टँग्युलर पाइप सहज मिळतो; ड्रॉबार आणि लांबीचे मेंबर ९६×४८×४ मिमीचे ठेवा. हौदा २.२ मीटर लांब, १.४ रुंद. एक्सलच्या पुढे १.३५ मीटर, मागे फक्त ०.८५. मागचा भाग वाढवला तर वळणाच्या सुरुवातीला शेपूट बाहेर फेकली जाते आणि शेजारी उभ्या स्कूटरला लागते. गुरुत्वमध्य एक्सलच्या ३०० मिमी पुढे आला की बॉलवर बरोबर १० टक्के येतात. कपलिंगखाली घरातला वजनकाटा ठेवून हे तपासता येतं. हिच ५० मिमी बॉलची, आणि दोन साखळ्या बॉलच्या खाली एकमेकींना छेद देऊन.

गाडीचं ओनर्स मॅन्युअल आधी उघडा. काही लहान गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर त्याची नोंदणी लागते, मग ती ठाण्याची एमएच-०४ असो की वाशीची एमएच-४३. त्याआधी नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते. ती मिळेपर्यंत चाचणी आणि वापर खासगी आवारातच.

चाचणी

काँक्रीटच्या मोकळ्या आवारात पाणी टाकून टायर ओले करा आणि पूर्ण स्टिअरिंगने एक गोल अगदी सावकाश फिरा. गाडीच्या मागच्या आतल्या चाकाचा आणि ट्रेलरच्या आतल्या चाकाचा ओला पट्टा पाहा. दोघांच्या चाकांमधली रुंदी सारखी असेल तर पट्टे ५ सेंटिमीटरच्या आत जुळायला हवेत. ट्रेलर आत येत असेल तर रॉडची पुढची जोड बॉलपासून एक भोक लांब घ्या, बाहेर जात असेल तर एक भोक जवळ. या त्रिज्येवर एका भोकाने पट्टा साधारण ५ सेंटिमीटर सरकतो. अर्ध्या गोलानंतरचाच पट्टा मोजा, कारण वळणात शिरताना ट्रेलर आधी थोडा बाहेर जातोच. तो दोष नाही.

किंगपिनचे स्टॉप ३० अंशांवर ठेवा. रिव्हर्समध्ये गाडी आणि ट्रेलर यांच्यातला कोन ५० अंशांच्या पुढे गेला तर चाकं स्टॉपला टेकतात आणि जोर रॉडवर येतो. तिथे थांबून थोडं पुढे जाणं हाच मार्ग.

सरळ चालताना चाकं थरथरत असतील तर आधी किंगपिनचा खेळ तपासा, मग टाय रॉड एंड, मग चाकांचं बॅलन्सिंग. जॅकवर चाक उचलून वर-खाली हलवलं की बुशचा खेळ हाताला कळतो. टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत) २ मिमी ठेवा.

खाडीच्या खाऱ्या हवेत रोज जॉइंट सर्वात आधी गंजून आखडतात. त्यांना रबरी बूट घाला. पावसाळ्यात दर पंधरवड्याला किंगपिनमध्ये ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बुशच्या कडेने बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. एखाद्या निपलमधून ग्रीस जात नसेल तर जोर लावून पुढे जाऊ नका. निपल काढून भोक साफ करा, नाहीतर तो बुश कोरडाच राहतो आणि त्या बाजूचं चाक वळणातून परत सरळ येताना अडकतं.