फ्लॉस नुसता ओढू नका, दाताला मिठी मारून फिरवा

दाढेला पाच बाजू असतात. गालाकडची, जिभेकडची आणि चावण्याची अशा तीन बाजू ब्रशला सापडतात. उरलेल्या दोन शेजारच्या दातांना खेटून असतात. ब्रश कितीही महागाचा आणा, त्याचे केस तिथे शिरत नाहीत. फ्लॉस म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा बारीक दोरा, तो आहे या दोन बाजू पुसण्यासाठी. मेथीचा तुकडा किंवा रेषाळ आंब्याचा धागा निघतो तो वरकड फायदा. बहुतेक जण फ्लॉसला दातकोरणं समजतात, फटीतून एकदा खाली-वर ओढतात आणि मोकळे होतात. जंतूंचा चिकट थर मात्र दातावर जिथल्या तिथे राहतो.

हाच थर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो आणि त्याचं कीटण बनतं. मग ते घरी निघत नाही, दवाखान्यातच काढावं लागतं. म्हणून फ्लॉस दिवसातून एकदाच पण रोज करायचा. रात्री जेवणानंतर, ब्रशच्या आधी केलात तर उत्तम: झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंड आधीच स्वच्छ असलेलं बरं, आणि मोकळ्या झालेल्या फटीत पेस्टमधलं फ्लोराइडही पोचतं.

सुरुवातीला मेण लावलेला फ्लॉस घ्या, तो घट्ट फटीतूनही सरकतो. दात फारच दाटीचे असतील तर पट्टीसारखा चपटा मिळतो. शिवणाचा दोरा वापरू नका. तो तुटतो आणि त्याचे तंतू हिरडीत अडकून बसतात.

आता कृती. सुमारे ४५ सेंटिमीटर फ्लॉस तोडा, म्हणजे जुन्या मापाने एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. एवढा कशाला, असं वाटेल. पण प्रत्येक फटीला कोरा भाग लागतो, नाहीतर एका फटीतली घाण दुसरीत जाते. बराचसा फ्लॉस एका हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळा आणि थोडा दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला. पुढे सरकताना एकीकडून सोडायचा, दुसरीकडे गुंडाळायचा. दोन्ही हातांच्या चिमटीत मध्ये जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर ताणलेला ठेवा. जास्त सोडलात तर ताबा राहत नाही. खालच्या दातांना दोन्ही तर्जनींनी दाब द्या. वरच्यांना एक अंगठा आणि एक तर्जनी वापरा, अंगठा गालाच्या बाजूला.

दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथे फ्लॉस अडतो. जोर लावलात तर तो खाडकन खाली जातो आणि हिरडीचं टोक कापतो. पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याचशा जखमा अशाच होतात. त्याऐवजी करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे सरकवत उतरवा. उतरल्यावर एका दाताभोवती अर्धचंद्रासारखा वळवा, दाताला दाबून धरा आणि हिरडीच्या कडेखाली अलगद जाऊ द्या. निरोगी हिरडीत तो दोन-तीन मिलिमीटर जाऊन आपोआप थांबतो, त्यापुढे ढकलू नका. दाताला घासून पाच-सहा वेळा खाली-वर करा.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: प्रत्येक फटीला दोन भिंती असतात. फ्लॉस हिरडीच्या टोकावरून थोडा वर उचला, शेजारच्या दाताला तसाच बिलगवा आणि तेच पुन्हा करा. हिरडीवरून आडवा ओढू नका. शेवटच्या दाढेची मागची बाजूही राहते. तिथे शेजारी दात नसला तरी थर साचतोच.

सुरुवातीला दहा मिनिटं लागतील आणि हात तोंडात मावत नाहीत असं वाटेल. हात बसला की दोन-तीन मिनिटांचं काम. बोटं आखडत असतील तर साधारण ३० सेंटिमीटर फ्लॉसला गाठ मारून कडं करा आणि ते दोन्ही हातांनी धरा, बोटांना गुंडाळायची गरज उरत नाही.

पहिले काही दिवस रक्त येईल. घाबरून थांबू नका. हिरडी सुजलेली असते म्हणून ती रक्ताळते आणि थर निघाला की सूज उतरते. एक-दोन आठवड्यांनंतरही रक्त येतच असेल तर मात्र दंतवैद्याला दाखवा. मधुमेह असेल तर तेवढंही थांबू नका, साखर आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. फ्लॉस रोज एकाच ठिकाणी उसवत असेल तर तिथे कीड, कीटण किंवा भरलेल्या सिमेंटची बाहेर आलेली कड असण्याचा संभव असतो. तेही दाखवण्यासारखं.

हिरड्या खाली सरकून फटी रुंद झाल्या असतील तर फ्लॉसपेक्षा फटीत घालायचा बारीक ब्रश चांगला. त्याचे केस दोन्ही दातांना घासले पाहिजेत, पण तार घासता कामा नये. जबरदस्तीने घालावा लागला तर माप मोठं आहे. दातांना तारा किंवा ब्रिज (शेजारच्या दातांवर पक्का बसवलेला कृत्रिम दात) बसवलेल्यांनी टोक कडक असलेला फ्लॉस घ्यावा, तो सुईसारखा खालून ओवता येतो. सेफ्टी पिन आणि काडेपेटीची काडी या कामाच्या नाहीत. मशेरी तर तंबाखूच आहे. ती हिरड्या बिघडवते, सवय लावते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते.

कीटण काढल्यावर दात हलतात, हा समज अजून घरोघरी आहे. खरं तर दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं. कीटणाने दात एकमेकांना जखडून धरलेले असतात, ते निघाल्यावर सैलपणा कळतो, एवढंच.

लहान मुलांचे दोन दात एकमेकांना टेकू लागले की फ्लॉस सुरू करावा, बहुधा मागच्या दुधाच्या दाढांपासून. मूल आठ-दहा वर्षांचं होईपर्यंत हे काम मोठ्यांचं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन वरून बघितलं की फटी नीट दिसतात आणि मुलाची मानही स्थिर राहते.