हलकी डिस्क प्लेट बसवताय? आधी या चुका टाळा

पावसाळा संपून कास-ठोसेघरचे रस्ते कोरडे झाले की साताऱ्यातल्या स्पोर्ट्स बाइकवाल्यांमध्ये दरवर्षी एक साथ येते: पुढच्या ब्रेकची डिस्क प्लेट हलकी करायची. ऑनलाइन फोटोत पाकळ्यांची वेव्ह डिस्क, मध्ये सोनेरी कॅरिअर (प्लेटचा मधला भाग) आणि शेजारी ‘४०० ग्रॅम हलकी’. दिसली की ऑर्डर. मग महिनाभरात लिव्हर थरथरतोय, एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा विझत नाही, ब्रेक कुईंकुईं करतोय म्हणून गाडी गॅरेजच्या दारात. चुका दरवर्षी त्याच. काहींवर सविस्तर बोलायलाच हवं, बाकीच्यांना एकेक ओळ पुरे.

कड्यातून वजन काढलेली प्लेट घेणं

डिस्कचे दोन भाग डोक्यात वेगळे ठेवा. बाहेरचं कडं, ज्यावर ब्रेकचे पॅड घासतात, आणि मधला भाग, जो बोल्टनं हबला (चाकाच्या मध्याला) धरलेला असतो. मधून काढलेलं वजन चालतं. कड्यातून काढलेलं चालत नाही.

हिशेब करून बघा. बाइक १७० किलो, स्वार ७० किलो, एकूण २४०. ताशी १०० किलोमीटरवरून थांबताना साधारण ९३ हजार ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. पुढच्या ब्रेकचा वाटा ८० टक्के धरला तर ७४ हजार. स्टीलचं कडं १.२ किलोचं असेल तर एवढ्या एका ब्रेकला ते सुमारे १३० अंशांनी तापतं. तेच ८०० ग्रॅमचं असेल तर १९० अंशांनी. हा झाला एकच ब्रेक. पाचगणीहून पसरणी घाटानं वाईत उतरताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. गिअर खाली न घेता नुसत्या ब्रेकवर उतरलात तर जवळपास १३ लाख ज्यूल, म्हणजे ताशी १०० वरून चौदा वेळा थांबल्याइतकं काम. लांब घाटात प्लेट किती तापून थांबते हे वजनापेक्षा तिच्या पृष्ठभागावर आणि तिला मिळणाऱ्या वाऱ्यावर ठरतं, हे खरं. पण अरुंद कड्याला वारा लागायला पृष्ठभागच कमी, त्यामुळे तिथंही फार पदरात पडत नाही.

तापलं की स्टील फुगतं. ३०० मिमीची प्लेट ३०० अंशांनी तापली तर तिचा व्यास जवळजवळ १ मिमीनं वाढतो. एकाच पत्र्यातून कापलेल्या पातळ प्लेटचं कडं फुगायला बघतं आणि मधला थंड भाग त्याला सोडत नाही, मग अख्खी प्लेट ताटलीसारखी एका बाजूला वळते. फ्लोटिंग डिस्कमध्ये कडं आणि ॲल्युमिनियमचं कॅरिअर यांच्यामध्ये दोघांना सैल जोडणारी गोल बटणं असतात, त्यामुळे कड्याला फुगायला वाव मिळतो. ॲल्युमिनियमचं वजन तेवढ्याच आकाराच्या स्टीलच्या साधारण एक तृतीयांश. चांगल्या हलक्या डिस्कची खरी बचत या कॅरिअरमधून येते, कड्यातून नाही.

म्हणून घेताना बघायचं काय? कड्याची जाडी मूळ प्लेटइतकीच हवी. कड्याची रुंदी पॅडच्या उंचीला पुरायला हवी, पॅडचा भाग आत किंवा बाहेर लोंबता कामा नये. आणि प्लेटवर ‘मिन टीएच’ लिहून पुढे आकडा कोरलेला हवा, म्हणजे किती झिजेपर्यंत ती वापरायची ते. तो आकडा नसेल तर बाकी काही तपासत बसू नका, सरळ परत पाठवा.

मूळ प्लेटला ड्रिलनं भोकं पाडणं

या चुकीला तर हात जोडावेत. ३०० मिमी प्लेटची एक २०० सीसीची बाइक. मालकानं एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कंपनीच्या प्लेटला ८ मिमीची ३६ जादा भोकं पाडून घेतली. खर्च चहापाण्याचा, गाडी दिसायला ‘रेसिंग’. पहिली मोठी फेरी महाबळेश्वर. पसरणी उतरून वाईत पोचेपर्यंत ब्रेक करकरायला लागला. चाक काढून बघितलं तर नव्या भोकांतून शेजारच्या भोकांकडे निघालेले केसाएवढे पाच तडे, त्यातले दोन आरपार. पॅडची अवस्था किसणीवर धरलेल्या खोबऱ्यासारखी, कारण भोकांच्या कडा मारलेल्याच नव्हत्या. वर मालकाचा प्रश्न: ‘तड्यांना वेल्डिंग मारून चालेल का?’ नाही चालणार. भोकाभोकांमध्ये तडा दिसला की ती प्लेट भंगार.

आता वाचलं किती ते बघा. ४ मिमी जाडीच्या प्लेटमधलं ८ मिमीचं एक भोक म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम. ३६ भोकांचे झाले ५६ ग्रॅम. दोन-तीन कंदी पेढे.

कंपनीच्या डिस्कलाही भोकं असतात की, असा युक्तिवाद हमखास येतो. असतात. पण त्यांची मांडणी ठरवून केलेली असते, दोन भोकांमध्ये पुरेसं अंगण सोडलेलं असतं, प्लेट नंतर कडक करून ग्राइंड केलेली असते. कडक झालेल्या स्टीलमध्ये हातानं ड्रिल दाबलं की भोकाची कडा जळते, बारीक चिरा तिथंच तयार होतात आणि घाटातल्या ताप-थंडीनं त्या वाढत जातात.

व्यासच कमी करणं

यामाहाच्या आर१५ व्ही४ ला पुढं २८२ मिमी, बजाजच्या आरएस २००ला ३००, केटीएमच्या नव्या आरसी ३९०ला ३२०. हे आकडे कंपनीनं सहज म्हणून टाकलेले नाहीत. ३२० ऐवजी ३०० बसवून कॅलिपरही (पॅड धरून दाबणारा भाग) तेवढाच आत घेतला की पॅडची पकड १० मिमी आत सरकते आणि त्याच दाबाला ब्रेक साधारण ७ टक्के कमी लागतो. आणि कॅलिपर मूळ जागीच ठेवला तर पॅडचा वरचा काठ हवेत राहून त्याला ओठ येतो, म्हणजे न झिजलेली कडा उरते.

फायद्याचा अंदाज चुकवणं

‘३०० ग्रॅम वाचले, आता गाडी वळणात पाण्यासारखी वळणार.’ थोडं थांबा. फिरणाऱ्या वजनाचा परिणाम ते अक्षापासून किती लांब आहे याच्या वर्गावर असतो. डिस्कचं सरासरी अंतर १३ सेंटीमीटर धरा, टायरचं २९. म्हणजे डिस्कवरचे ३०० ग्रॅम हे टायरवरच्या ६० ग्रॅमइतकेच. वजन जर कॅरिअरमधून, अक्षाच्या आणखी जवळून काढलेलं असेल तर त्याहूनही कमी. गंमत अशी की जिथून वजन काढणं सुरक्षित, तिथं काढून फिरण्यात फायदा सगळ्यात कमी. सस्पेन्शनखालचं वजन मात्र कुठूनही काढा, कमी होतं, आणि खडबडीत रस्त्यावर पुढचं चाक जरा बरं टेकतं. पण ३०० ग्रॅमसाठी हजारो रुपये घालण्याआधी हलका टायर बघा. जुनी आणि नवी प्लेट बोल्टांसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची सवय लावा, जाहिरातीतल्या वजनावर जाऊ नका.

बसवताना घाई करणं

घाई करणाऱ्यांची नवी प्लेट पहिल्या दिवसापासून वाकडी असते, आणि दोष दुकानदाराला. हबचा बसण्याचा पृष्ठभाग घासून स्वच्छ करा. तिथं ०.०५ मिमीचा गंज किंवा जुन्या थ्रेड लॉकरचा (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून दोऱ्यांना लावायच्या गोंदाचा) कण राहिला तर प्लेटच्या बाहेरच्या काठावर तो तिप्पट होऊन दिसतो. बोल्ट समोरासमोर, दोन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. इम्पॅक्ट गन नको. बोल्ट नवे घ्या, किंवा दोरे साफ करून निळा थ्रेड लॉकर लावा. लाल लावलात तर पुढच्या वेळी बोल्टची डोकी तुटतील. प्लेटवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेनं. नव्या प्लेटवर गंज धरू नये म्हणून लावलेलं तेल असतं, ते ब्रेक क्लीनरनं पुसा, पेट्रोलच्या फडक्यानं नाही.

मग डायल गेज (प्लेट किती डुलते ते मोजणारं) फोर्कला बांधून चाक हातानं फिरवा. डुलणं ०.१ मिमीच्या आत असेल तर उत्तम, मॅन्युअलच्या मर्यादेच्या वर गेलं तर प्लेट एक बोल्ट पुढं फिरवून पुन्हा बसवून बघा. एबीएसला चाकाचा वेग कळवणारी दातेरी रिंग डिस्कसोबत असेल तर दात मोजा, जुन्याइतकेच हवेत. सेन्सरपासूनची फटही मॅन्युअलप्रमाणे. दिवा विझत नसला तर दहातल्या आठ वेळा गडबड इथंच असते.

चाक डिस्कवर आडवं टाकणं

नवी प्लेट वाकण्याचं सगळ्यात सामान्य कारण घाट नाही, पंक्चरचं दुकान आहे. चाक काढलं की ते फरशीवर आडवं पडतं, डिस्क खाली. वर टायर काढायला लिव्हरचा जोर, कधी पायानं दाब. पातळ आणि हलकी प्लेट हे सहन करत नाही. दोष त्या माणसाचा नाही, तो रोज स्प्लेंडर आणि ॲक्टिव्हाची चाकं काढतो. चाकाखाली दोन लाकडी ओंडके किंवा जुना टायर तुम्हीच ठेवा, डिस्क वरच्या बाजूला ठेवा, आणि काम होईपर्यंत तिथंच उभं राहा. डिस्क लॉक लावून तसंच पुढं निघणारेही याच रांगेतले.

दोष ओळखताना गल्लत

लिव्हर बोटांना ठोके देतोय: कड्याची जाडी सगळीकडे सारखी नाही. मायक्रोमीटरनं आठ ठिकाणी मोजा, ०.०३ मिमीचा फरकही हाताला कळतो. व्हर्नियरनं मोजू नका, तो बाहेरच्या न झिजलेल्या काठावर टेकतो आणि झिजलेली प्लेट जाड दाखवतो.

लिव्हर नाही, पण हँडल हलतंय: आधी कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) आणि चाकाचे बेअरिंग तपासा. ढिल्या कोनसेटपायी कितीतरी चांगल्या प्लेट फेकल्या गेल्या आहेत.

घाटाच्या शेवटी लिव्हर मऊ होऊन आत जातो: ब्रेक ऑइल उकळलं. डॉट ४ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओलावा खाल्ल्यावर १५५ पर्यंत उतरतो. वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर बदला. लिव्हर कडक, पण गाडी थांबत नाही: पॅड जळालेत. प्लेट निळी पडली असेल तर ती त्याच कथेतली.

फ्लोटिंग डिस्क खडखडते म्हणून तक्रार येते. थोडा खडखडाट तिचा स्वभाव आहे. उलट कासच्या लाल मातीनं बटणं जाम होऊन ती गप्प झाली तर काळजी करा. बटणाच्या भोकातून एम८ चा बोल्ट घाला, दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर लावून नट आवळा, आणि ब्रेक क्लीनर मारत पान्यानं फिरवा. प्रत्येक बटण सैल फिरायला हवं. ग्रीस किंवा स्प्रेचं तेल लावू नका.

बाकीच्या किरकोळ

जुने पॅड नव्या प्लेटवर लावू नका.

सिंटर्ड पॅड (धातूची पूड दाबून-भाजून केलेले) घ्यायचे तर प्लेटच्या कंपनीनं ते चालतील असं लिहिलेलं असावं. नसेल तर ऑरगॅनिक (रेझिनमध्ये बांधलेले, मऊ) घ्या.

घाट उतरून लगेच चाकावर पाण्याची बाटली ओतू नका.

मागची डिस्क हलकी करायची गरजच नाही, त्या पैशात ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड येतात.

बसवल्याच्या दिवशी थेट घाटात जाऊ नका. सकाळी सहाला, रिकाम्या सपाट रस्त्यावर, ताशी ६० वरून २० पर्यंत दहा वेळा मध्यम ब्रेक दाबा, मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर वारा खाऊ द्या. पूर्ण थांबून लिव्हर दाबून धरू नका, गरम पॅडचा ठसा प्लेटवर उमटतो आणि तोच पुढं ठोक्यासारखा जाणवतो. मग ताशी ८० वरून तसेच पाच. त्यानंतर प्लेट थंड होईपर्यंत गाडी उभी, चहा घ्या, आणि बोल्टचा टॉर्क एकदा परत तपासा.