शेतकऱ्यांना आंतरपीक आणि बिननांगरणीची शेती शिकवायचीय? मग हे असं करा

सगळ्यात आधी प्रोजेक्टर बाजूला ठेवा. हॉलमध्ये स्लाइड दाखवल्या की लोक माना डोलावतात आणि हंगाम आला की पुन्हा नांगरच घालतात, कारण ज्याने जन्मभर नांगरलेलं रान म्हणजेच चांगलं रान असं बघितलंय त्याला नुसतं सांगून कसं पटणार. १९८९ ला इंडोनेशियात भाताच्या शेतीशाळा सुरू झाल्या त्या याच विचाराने, २०-२५ जणांचा गट आणि वर्ग थेट शेतात, पूर्ण हंगामभर.

तर पहिलं काम प्लॉटचं. गटातल्याच कुणाचं तरी येताजाता दिसेल असं रान घ्या आणि त्याचे तीन तुकडे करा: एकात नेहमीची पद्धत, दुसऱ्यात नांगरून आंतरपीक, तिसऱ्यात न नांगरता टोकण (म्हणजे छोटं भोक करून त्यात बी टाकणं), वर काडीकचऱ्याचं आच्छादन आणि आंतरपीक. दोनच तुकडे केले तर फरक नेमका कशामुळे पडला ते कळत नाही. बियाणं आणि पेरणीची तारीख सगळीकडे एकच ठेवा.

पहिल्या बैठकीत काचेच्या दोन बरण्यांत पाणी घ्या, एकीत नांगरलेल्या रानातलं वाळलेलं ढेकूळ जाळीवर ठेवून बुडवा, दुसरीत कधी न नांगरलेल्या बांधावरचं. नांगरलेलं बहुतेक वेळा बघता बघता विरघळतं, बांधावरचं टिकतं. इथे तुम्ही गप्प बसा, लोकच बोलायला लागतात.

पेरणीला दोरी शेतकऱ्यांच्याच हातात द्या. सोयाबीनच्या ४ ओळी तुरीच्या २ हे उदाहरण समजायला सोपं, सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघतं तोवर तूर हळूच वाढते आणि नंतर तिला मोकळी जागा मिळते. ४०-४५ दिवसांनी एक रोप हलक्या हाताने उपटून मुळावरच्या गाठी कापायला लावा, आतून गुलाबी म्हणजे हवेतलं नत्र बांधणं चालू आहे.

आच्छादन किमान ३० टक्के हवं. दोरीला ५० खुणा करा, शेतात तिरपी ताणा, १५ किंवा जास्त खुणांखाली काडीकचरा असला की झालं. आता, हाच कडबा गुरांना लागतो, हे खरं दुखणं आहे, त्यामुळे किती रानात ठेवायचा ते गटालाच ठरवू द्या. आणि पहिली एकदोन वर्षं तण वाढू शकतं, काड कुजताना नत्र ओढलं जाऊन पीक पिवळं पडू शकतं, हे आधीच स्पष्ट सांगा. लपवलंत तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही. खुरपणी बहुतेक ठिकाणी बायका करतात, मग बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवा ना.

काढणीला हिशोब सगळ्यांसमोर. त्यासाठी दोन्ही पिकं एका कोपऱ्यात सलगही, म्हणजे एकेकटी, लावलेली असू द्या. समजा सलग मका एकरी २० क्विंटल आणि आंतरपिकात १४, म्हणजे ०.७; सलग चवळी ८ आणि आंतरपिकात ४, म्हणजे ०.५. बेरीज १.२, म्हणजे एक एकरातून सव्वा एकराच्या आसपासचं काम निघालं. शेजारी नांगरटीचा, खुरपणीचा खर्चही मांडा आणि हे आकडे ज्याचं रान त्यानेच वाचून दाखवावेत.