शिकारी रायफलचा बेभरवशाचा ट्रिगर कसा बदलावा

चापावर म्हणजे ट्रिगरवर बोट नसताना सुटणारी रायफल कितीही अचूक असली तरी वापरायची नाही. सेफ्टी (चुकून बार उडू नये म्हणून असलेला खटका) काढताना, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) बंद करताना किंवा दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाला, धक्का लागल्यावर फायरिंग पिन (काडतुसावर आदळून बार उडवणारी सळई) एकदाही सुटली, तर रायफल त्याच दिवशी बाजूला ठेवा. "एकदाच तर झाले" असे म्हणून ती पुन्हा रानात नेऊ नका.

बोल्ट अॅक्शन रायफलमध्ये ताणलेली फायरिंग पिन सिअर नावाच्या छोट्या तुकड्यावर अडलेली असते आणि सिअरला ट्रिगरच्या धारेचा टेकू असतो. ही पकड मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. तिथे घट्ट झालेले तेल, गंज किंवा कचरा बसला, की ट्रिगर पूर्णपणे आपल्या जागी परत येत नाही आणि सिअर काठावर कसाबसा टेकून राहतो. म्हणून आधी ट्रिगरचे युनिट, म्हणजे ट्रिगर आणि सिअरचा एकत्र संच, स्वच्छ करून पाहावे, पण सुटण्याचा प्रकार घडून गेला असेल तर नुसत्या सफाईवर मी विसंबणार नाही. जुन्या युनिटचे स्क्रू फिरवून किंवा धार घासून दुरुस्ती करणे हा तर सर्वांत वाईट मार्ग.

नवे युनिट घेण्याआधी आपल्या मॉडेलसाठी कंपनीने काही परत मागवले आहे का, हे सिरियल नंबरवरून तपासा. रेमिंग्टनने एप्रिल २०१४ मध्ये १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली एक्स-मार्क प्रो ट्रिगरमुळे परत मागवल्या होत्या. जोडणी करताना काही युनिटमध्ये सीलंट जास्त लागले होते. दोष इतका साधा असू शकतो.

टिमनी, ट्रिगरटेक यांसारख्या कंपन्यांची तयार युनिट मिळतात. मॉडेल, डावा-उजवा हात आणि बोल्ट सोडण्याची पद्धत जुळते का ते पाहा. शिकारीसाठी अडीच ते चार पौंडांचा, म्हणजे साधारण १.१ ते १.८ किलोचा ओढा (ट्रिगर ओढायला लागणारा जोर) योग्य. थंडीत जाड हातमोज्यातून बोटाला नीट अंदाज येत नाही, त्यामुळे त्याहून हलका ओढा रानात नको.

काम सुरू करताना काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसते त्या जागेत) डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा.

दस्त्याचे स्क्रू सोडवताना कोणता पुढचा, कोणता मागचा, याची खूण ठेवा. लांबी वेगळी असते आणि जागा चुकली तर लांब स्क्रू बोल्टला अडतो. नळीसह वरचा भाग उचलून मऊ कापडावर ठेवा आणि काहीही सोडवण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. ट्रिगर बहुधा एक-दोन आडव्या पिनांवर असतो. योग्य मापाचा पंच आणि छोटी हातोडी घेऊन, नव्या युनिटच्या माहितीपत्रकात दिलेल्या दिशेनेच पिन हळूहळू ठोका. काही रायफलींमध्ये त्याच वेळी बोल्ट स्टॉप (बोल्ट मागे निसटू न देणारा तुकडा) किंवा बारीक स्प्रिंग मोकळी होते, म्हणून त्या जागेवर एक हात झाकून धरा.

नवे युनिट बसवून पिन दोन्ही बाजूंना पृष्ठभागाशी समतल करा. आत तेल ओतू नका. स्क्रू पक्का करणारा द्रव सांगितला असेल तिथेच, एक थेंब. मग रायफल दस्त्यात ठेवा. ट्रिगरची पाती गार्डला किंवा सेफ्टीचा खटका लाकडाला घासत असेल, तर लाकूडच थोडे कोरावे, युनिट कधीच नाही. दस्त्याचे स्क्रू टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने), उत्पादकाने दिलेल्या मापाइतकेच आवळा.

आता चाचणी, आणि इथे घाई नको. रायफल रिकामीच. बोल्ट परत बसवून वीस-तीस वेळा जोरात बंद करा. फायरिंग पिन एकदाही सुटता कामा नये. सेफ्टी लावून ट्रिगर जोरात ओढा, सोडा, मग ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. पिन सुटली तर काम फसले आहे. शेवटी पिन ताणलेली ठेवून, आधी सेफ्टी लावून आणि मग काढून, दस्त्याच्या मागे व बाजूंना रबरी हातोडीने ठोका. एकाही चाचणीत पिन सुटली, तर युनिट उतरवून गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) न्या. सिअरच्या पकडीचा स्क्रू स्वतः फिरवू नका.

पहिल्या दिवशी रेंजवर एकेकच काडतूस भरा. वरचा भाग दस्त्यातून काढल्यामुळे नेम सरकलेला असू शकतो, म्हणून झिरो, म्हणजे नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळते का, ते पुन्हा तपासा. जुने युनिट पिशवीत घालून त्यावर "सदोष, बसवू नये" असे लिहून ठेवा.