मालवणच्या पाण्याखाली चित्रीकरणासाठी कॅमकॉर्डर निवडताना

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्रात पाणी बऱ्याचदा गढूळ असते आणि पाच-सहा मीटर खाली गेल्यावर तांबडा रंग फारसा उरत नाही. म्हणून तेथील चित्रीकरणासाठी कॅमकॉर्डर घेताना मेगापिक्सेलच्या आकड्यांपेक्षा सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार आधी पाहावा. १ इंची सेन्सरचे क्षेत्रफळ १/२.३ इंची सेन्सरच्या सुमारे चौपट असते, त्यामुळे अंधुक उजेडातही त्याच्या चित्रात दाणे कमी दिसतात. भिंगाचे छिद्र एफ/२ किंवा त्याहून मोठे असावे (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे); झूम केल्यावर ते किती लहान होते, हेही माहितीपत्रकात तपासावे. खरे तर पाण्याखाली झूम वापरूच नये. वाइड अँगल ठेवून विषयाच्या जवळ जावे, कारण मधले पाणी जितके कमी, तितके चित्र स्वच्छ येते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचा रंगांचा समतोल, हाताने ठरवण्याची सोय नसलेला कॅमकॉर्डर, कितीही स्वस्त मिळाला तरी, मी घेणार नाही. त्या मॉडेलसाठी जलरोधक हाउसिंग (कॅमेऱ्याभोवतीचे बंद आवरण) मिळते का, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे. दर १० मीटरला दाब सुमारे एक वातावरणाने वाढतो, त्यामुळे पाणी आत शिरते का हे पाहण्यासाठी नव्या हाउसिंगची पहिली बुडी कॅमेऱ्याविनाच घ्यावी. दिवे भिंगाला लागून न लावता दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर तिरपे बसवावेत, नाहीतर तरंगणारे कणच चमकत राहतात.