कॉम्प्युटर झोपत नसेल तर आधी त्यालाच विचारा

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी मी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. रोज दोन-तीन तास माइकसमोर जातात, आणि कॉम्प्युटर माझ्या पलंगापासून चार हातांवर आहे. मध्यंतरी सलग तीन आठवडे तो झोपेना. ठरल्या वेळी स्क्रीन काळी व्हायची, पण पंख्याची घरघर आणि समोरचा दिवा रात्रभर चालू. पूर्ण बंद करायचा तर अर्धवट राहिलेलं एडिटिंग सकाळी पुन्हा मांडून बसावं लागतं. स्लीप हवी असते ती याचसाठी. उघडलेलं सगळं जिथल्या तिथे राहतं आणि वीज नावापुरतीच लागते.

त्या तीन आठवड्यांत मी सेटिंग्जमधलं दिसेल ते बदलून पाहिलं, आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. कोण जागं ठेवतंय हे कॉम्प्युटर स्वतः सांगतो. विचारायचं कसं, ते माहीत हवं.

पण विचारण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. विंडोजच्या स्टार्ट मेन्यूतून हाताने स्लीप द्या. नीट झोपला आणि झोपून राहिला, तर यंत्र ठीक आहे, अडचण फक्त आपोआप झोपण्यात आहे. लगेच उठून बसला तर दुखणं वेगळं. त्याचं शेवटी सांगते. दुसरं म्हणजे सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात पॉवर उघडा आणि स्लीपची वेळ १ मिनिट करा. नाहीतर प्रत्येक प्रयोगानंतर अर्धा तास वाट पाहत बसाल. लॅपटॉपवर चार्जर लावलेला असतानाची वेळ आणि बॅटरीवरची वेळ वेगवेगळी असते. कित्येकदा चार्जरच्या रकान्यात ‘नेव्हर’ निवडलेलं असतं आणि गोष्ट तिथेच संपते.

आता कीबोर्ड-माउसवरून हात काढा आणि नीट बघा. स्क्रीन काळी होते पण यंत्र चालूच राहतं, की स्क्रीनही विझत नाही? हा फरक लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतो.

विंडोजचा हिशोब साधा आहे. शेवटची कळ दाबल्यापासून किंवा माउस हलवल्यापासून तो वेळ मोजतो आणि वेळ भरली की झोपायला निघतो. मात्र एखादा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर (साउंड, ग्राफिक्स असा यंत्राचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) त्याला ‘थांब, माझं काम चालू आहे’ असं कळवू शकतो. याला पॉवर रिक्वेस्ट म्हणतात. सोय चांगलीच आहे, नाहीतर सिनेमा पाहता पाहता स्क्रीन बंद पडली असती. काम संपल्यावरही कुणी ही विनंती मागे घेत नाही, तेव्हा आपली रात्र जाते.

या विनंत्यांची यादी मागायची ती अशी. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, कमांड प्रॉम्प्ट दिसेल, त्यावर उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. साध्या क्लिकने उघडलं तर कमांड परवानगी नाही म्हणून नकार देते. मग इंग्रजीत पॉवर हा शब्द, त्याला जोडूनच सी, एफ, जी ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तिरकी रेघ म्हणजे फॉरवर्ड स्लॅश, आणि रेघेला चिकटून रिक्वेस्ट्स. एंटर दाबा. डिस्प्ले, सिस्टिम, अवेमोड असे मथळे येतात आणि प्रत्येकाखाली विनंती करणाऱ्याचं नाव, किंवा कुणीच नसेल तर ‘नन’.

स्क्रीन काळी होऊनही यंत्र जागं राहत असेल तर सिस्टिमखाली पाहा. स्क्रीनच विझत नसेल तर डिस्प्लेखाली.

माझ्याकडे सिस्टिमखाली साउंडचा ड्रायव्हर होता आणि त्याच्याखाली ओळ होती: ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे. आवाज तर कुठूनच येत नव्हता! दहा मिनिटं मी स्पीकरकडेच पाहत होते. मग लक्षात आलं, ऑडिओ म्हणजे बाहेर पडणाराच आवाज असं नाही, आत येणाराही असतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मी रात्री उघडंच ठेवायचे, आणि त्यात माइकची पातळी दाखवणारी हिरवी पट्टी चालू असायची. रेकॉर्डिंग थांबलेलं असलं तरी ती पट्टी हलण्यासाठी माइक सतत ऐकत होता. पट्टी बंद केली, कमांड पुन्हा चालवली, सिस्टिमखाली नन. एका मिनिटाने पंखा थांबला. त्या शांततेत मी जरा वेळ नुसती बसून राहिले.

तुमच्या यादीत दुसरं काही असेल. ब्राउझरचं नाव दिसलं तर एखाद्या टॅबमध्ये व्हिडिओ चालू आहे किंवा व्हिडिओ कॉलचं पान उघडंच राहिलंय. ‘एसआरव्हीनेट’ दिसलं तर घरातलं दुसरं एखादं यंत्र या कॉम्प्युटरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून काहीतरी वाचतंय. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स उघडलं की कुठली फाइल तेही कळतं. मीडिया शेअरिंग वापरत असाल तर जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत मल्टिमीडिया सेटिंग्ज पाहा. तिथे झोपायला परवानगी देणारा पर्याय असतो. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे जादा सोयींचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर त्यातलं यंत्र जागं ठेवणारं ‘अवेक’ चालू राहिलंय का, तेही बघा.

सगळीकडे नन, तरी झोपत नाही? मग कुणीतरी कळ दाबतंय असं विंडोजला वाटतंय. गेमचा कंट्रोलर लावलेला असेल तर तो पहिला काढा, त्याची काडी मध्यावर नीट थांबत नसेल तर ती हालचाल धरली जाते. चकचकीत टेबलावरचा ऑप्टिकल माउसही हात न लावता थरथरतो; तो उलटा करून ठेवा आणि एक मिनिट थांबा. यूएसबीवरची उपकरणं एकेक काढत गेलात की दोषी सापडतो.

विनंती करणाऱ्याकडे दुर्लक्ष कर, असं विंडोजला सांगणारी कमांडही आहे: त्याच पॉवरसीएफजीपुढे रिक्वेस्ट्सओव्हरराइड. मी ती वापरली नाही आणि घाईने तुम्हीही वापरू नये असं मनापासून वाटतं. साउंडच्या ड्रायव्हरवर ती लावली असती तर रेकॉर्ड केलेलं पुस्तकाचं अख्खं प्रकरण ऐकून तपासताना, कीबोर्डला हात न लागल्यामुळे, यंत्र मध्येच झोपलं असतं. बॅकअपच्या प्रोग्रामवर लावाल तर बॅकअप अर्धा राहील. सगळे उपाय संपल्यावरच तिकडे वळा.

स्लीपचा पर्याय मेन्यूत दिसतच नसेल तर पॉवरसीएफजीपुढे तिरकी रेघ आणि फक्त ए. कुठल्या प्रकारची झोप शक्य नाही आणि का, ते छापून येतं. ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हर बसवलेला नसणं हे नेहमीचं कारण.

आणि हाताने झोपवल्यावर लगेच उठणाऱ्यांसाठी: पॉवरसीएफजीपुढे तिरकी रेघ आणि लास्टवेक. शेवटचं कुणी उठवलं ते कळतं. नेटवर्क कार्डचं नाव आलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर कॉम्प्युटरला जागं करण्याची परवानगी काढून घ्या.

मॅकवर कमांड लक्षात ठेवायची गरज नाही. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधल्या एनर्जीच्या पानावर ‘प्रिव्हेंटिंग स्लीप’ असा रकाना असतो, त्यात ‘येस’ कुणापुढे आहे ते पाहा. लिनक्सवर सिस्टिमडी-इनहिबिट या कमांडने यादी मागवा आणि ‘ब्लॉक’ लिहिलेल्या ओळींवर लक्ष द्या. ‘डिले’वाल्या नेहमीच्याच असतात.

झोपू लागला की स्लीपची वेळ १ मिनिटावरून परत वाढवायला विसरू नका. माझी १५ मिनिटांवर आहे. एक पान मनातल्या मनात वाचून घ्यायला तेवढा वेळ पुरतो.