‘मॅडम, किती टक्के आले?’ : शोधनिबंध छापताना या चुका टाळा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात साम्य-तपासणीच्या खिडकीमागे मी बसते. प्रबंध असो की शोधनिबंध, सॉफ्टवेअरमधून काढायचा आणि त्यातला किती टक्के मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो याचा अहवाल हातात द्यायचा, एवढंच माझं काम. समोरचा माणूस ‘काय सापडलं?’ असं कधीच विचारत नाही. ‘मॅडम, किती टक्के आले?’ हाच पहिला प्रश्न. जणू बोर्डाचा निकालच. फरक इतकाच, की इथे कमी पडले की पेढे.

या खिडकीतून इतक्या वर्षांत त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्यात, की आता तोंडी सांगायचा कंटाळा आला. म्हणून लिहून टाकते.

टक्क्यांच्या मागे धावणं

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वाङ्मयचौर्याबद्दलचे विनियम २०१८ चे. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलंय, त्याला शिक्षा नाही. प्रबंधात १० ते ४० टक्के निघाले तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचा. ४० ते ६० मध्ये एक वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. छापलेल्या निबंधात ४० च्या वर निघाले तर वेतनवाढ अडते आणि काही वर्षं मार्गदर्शक म्हणून काम करता येत नाही.

यातून लोकांनी काय अर्थ काढला? दहा टक्के उचलायला परवानगी आहे! एका साहेबांनी तर मला ऐकवलं, ‘माझे सातच आलेत, अजून तीन शिल्लक आहेत.’ अहो, ते सात टक्के म्हणजे निष्कर्षाची सलग तीन पानं दुसऱ्याची होती. उलट कायद्याच्या एका मुलीचे २६ आले होते आणि तिच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. सगळी कलमं आणि न्यायालयाची अवतरणं, प्रत्येकाखाली संदर्भ. नियमातच लिहिलंय की संदर्भासह दिलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्याचा मजकूर हे वगळून मोजायचं. पण अहवाल उघडून वाचतो कोण? पहिल्या पानावरचा आकडा बघायचा आणि चहाला जायचं.

आकडा कमी करायच्या युक्त्यांवर वेगळा लेख होईल. शब्दाला शब्द बदलून टाकायचा हा धंदा जगभर चालतो. २०२१ मध्ये फ्रान्सचे संगणकतज्ज्ञ गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ‘छळलेले शब्दप्रयोग’ शोधून काढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागी ‘नकली जाणीव’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापून आले होते. आपणही मागे नाही. माझ्यासमोर ‘दारिद्र्यरेषेखालील’चं ‘गरिबीच्या ओळीखालचे’ झालंय आणि ‘हरितक्रांती’ची ‘हिरवी उलथापालथ’. अहवाल चार टक्के. पेढे!

आता शून्याची गोष्ट.

सात-आठ वर्षांपूर्वी समाजशास्त्राच्या एका मुलीचा प्रबंध आला. मराठीतला, तीनशेच्या वर पानं. अहवाल शून्य टक्के. ती खिडकीसमोरच उड्या मारायची बाकी होती. मला मात्र शून्य दिसलं की पोटात गोळा येतो. तीनशे पानं मराठी लिहायचं आणि ‘महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर’ हे तीन शब्दसुद्धा कुणाशी जुळू नयेत?

सॉफ्टवेअरने वाचलेला मजकूर उघडला. देवनागरीचं एक अक्षर नाही. डॉलर, कंस, अर्धविराम, मध्येच इंग्रजी जे आणि के. डीटीपीवाल्याने युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. या फॉन्टमध्ये पडद्यावर आणि कागदावर ‘म’ दिसतो, पण फाइलच्या पोटात असतं रोमन चिन्ह. त्यावर ‘म’चा मुखवटा चढवलेला. सॉफ्टवेअर मुखवटा बघत नाही, पोट बघतं. ते बिचारं त्या कचऱ्याशी जुळणारा कचरा जगभर शोधत बसलं आणि सापडला नाही म्हणून शून्य देऊन मोकळं झालं.

युनिकोडमध्ये रूपांतर करून पुन्हा घातलं. सहा टक्के आले. तिचे मार्गदर्शक म्हणाले, झालं की मग. माझंही झालं असतं. पण चाळता चाळता एक वाक्य अडकलं: ‘१९२७ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर गेलेल्या स्त्रियांना…’ १९२७ मध्ये रोजगार हमी? दुष्काळ १९७२ चा. आकडे उलटे पडलेत. आणि ही चूक मी आधी कुठेतरी वाचली होती. दोन दिवस डोक्यात भुंगा. तिसऱ्या दिवशी तळघरातल्या रॅकवर सापडला: काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, २००४ सालचा आमच्याच विद्यापीठाचा प्रबंध. तेच वाक्य. तोच १९२७. आणि पुढची अकरा पानंही तीच. हा प्रबंध कधी स्कॅनच झाला नव्हता, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी तो अस्तित्वातच नव्हता.

मुलीला बोलावलं. ती लबाड नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पहिल्या वर्षी तिने वहीत नोट्स उतरवल्या होत्या. कुठून घेतल्या ते लिहिलं नव्हतं. चौथ्या वर्षी वही उघडली तेव्हा अक्षर आपलं, म्हणून मजकूरही आपलाच वाटला. प्रकरण नव्याने लिहायला आठ महिने गेले.

माझा उपाय अगदी शाळकरी आहे. पुस्तक उघडलं की वहीत सगळ्यात आधी लाल पेनाने नाव, वर्ष, पान. मग शब्दशः उतारा निळ्याने, अवतरणचिन्हांत. आपल्याला जे वाटतं ते पेन्सिलीने. लॅपटॉपवरही मी तीन रंगच वापरते. तरुण मंडळी हसतात आणि मला संदर्भ-व्यवस्थापनाच्या ॲपची नावं सांगतात. ॲप चांगलीच आहेत. पण शब्द दुसऱ्याचा आहे हे ॲपला तुम्हीच सांगायचं असतं ना?

‘लिस्टेड आहे’ यावर विश्वास ठेवणं

ही माझी दुसरी ठसठस. अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक, गावाकडच्या कॉलेजातले. तालुक्यातल्या चौदा आठवडे बाजारांत दोन वर्षं स्वतःच्या मोटारसायकलवर फिरून त्यांनी भाजीपाल्याच्या भावाच्या नोंदी केल्या होत्या. सकाळी दहाचा भाव, दुपारी एकचा, बाजार उठतानाचा. सोन्यासारखी माहिती. पण कॅसचा, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीचा, अर्ज भरायची तारीख आली आणि व्हॉट्सॲपवर निरोप: ‘केअर लिस्टेड, ७२ तासांत प्रसिद्धी, सर्टिफिकेटसह, फी फक्त ३५००.’ सरांनी केअर, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या पत्रिकांची यादी पाहिली. पत्रिकेचं नाव होतं. आयएसएसएन, म्हणजे पत्रिकेचा ओळखक्रमांक, जुळवला, जुळला. पैसे पाठवले. तिसऱ्या दिवशी निबंध ‘प्रसिद्ध’. परीक्षकाचा एक शब्द नाही, एक शंका नाही. इथेच खरं तर माणसाने घाबरायला हवं.

छाननी समितीने निबंध बाजूला ठेवला तेव्हा त्यांचा मला फोन आला. मी आयएसएसएनच्या पोर्टलवर पाहिलं. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक असतात. हा क्रमांक छापील पत्रिकेचा होता आणि इथे तोच वेबसाइटच्या कपाळावर चिकटवलेला. मूळ पत्रिका प्राच्यविद्येची, वर्षातून दोनदा निघणारी. नकली साइटवर मात्र सरांच्या आठवडे बाजाराच्या एका बाजूला सिमेंटच्या ताकदीवरचा निबंध आणि दुसऱ्या बाजूला गाईच्या कासदाहावरचा. अनुक्रमणिका एकदा वाचली असती तरी पुरे होतं.

‘मग मॅडम, हाच पेपर दुसरीकडे देऊ का?’ गुपचूप देणं ही पहिलीपेक्षा मोठी चूक. आम्ही मागे घ्यायची ईमेल केली, तर त्यांनी मागे घेण्याची वेगळी फी मागितली! शेवटी एका चांगल्या पत्रिकेच्या संपादकांना सरांनी सगळी हकिगत लिहिली: कुठे फसलो, किती पैसे दिले, दुवा हा. ते पत्र लिहिताना त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलंय. संपादकांनी निबंध विचारात घेतला. सात महिने लागले. दुसऱ्या परीक्षकाने विचारलं, ‘पावसाळ्यातल्या नोंदी कुठे आहेत?’ आणि सर पुन्हा मोटारसायकलवर.

यादी म्हणजे देवाचा कौल नव्हे. केअरच्या आधीच्या यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिका होत्या, त्यांतल्या १००९ पत्रिका पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर टिकल्या नाहीत. हे २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलंय. मग केअर आली. तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातूनच चालायचं. तिच्यातल्या पत्रिकांच्याही हुबेहूब नकला निघाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीच बंद केल्याचं जाहीर केलं आणि पत्रिका पारखायची जबाबदारी संस्थांवर टाकली. जाहिराती मात्र अजून ‘केअर लिस्टेड’च म्हणतात. मेलेल्या माणसाची शिफारसपत्रं!

संपादक मंडळातल्या भारदस्त नावांनाही भुलू नका. २०१५ मध्ये पोलंडच्या काही संशोधकांनी ॲना ओ. शुस्त नावाची एक खोटी विदुषी उभी केली आणि ३६० पत्रिकांकडे संपादकपदासाठी तिचा अर्ज पाठवला. ४८ ठिकाणी नेमणूक झाली. ‘ओ’ आणि ‘शुस्त’ जोडून वाचलं की पोलिशमध्ये अर्थ होतो ‘ठग’! मी काय करते, तर मंडळातला एक माणूस निवडून त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहिते: आपण या पत्रिकेवर आहात ना? दोनदा उत्तर आलंय, ‘मला माहीतच नाही.’ शिवाय ताज्या अंकातले तीन निबंध वाचते. ते वाचवत नसतील तर तिथे आपला निबंध देऊ नये.

लेखकांची भिशी

चार मित्र, प्रत्येकाने वर्षाला एक निबंध लिहायचा आणि चौघांची नावं टाकायची. वर्षाअखेर प्रत्येकाच्या नावावर चार. ही भिशी अनेक विभागांत चालते. यूजीसीच्या गुणांकनात दोघे लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के गुण, जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे हिशेब जमतो, म्हणून भिशी फुटत नाही.

ती फुटते निबंधात गडबड निघाल्यावर. वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: कामात खरा वाटा, लिखाणात किंवा सुधारणेत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही लागतात. माझ्याकडे एक ‘चौथे लेखक’ आले होते, साम्य ४४ टक्के निघालेल्या छापील निबंधाचे. म्हणाले, ‘मी तर वाचलाही नाही हो.’ हा बचाव आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं!

विभागप्रमुखांचं नाव आपोआप येतं ती निराळी कथा. त्यात विद्यार्थ्याला दोष देणं मला जमत नाही. त्याने निदान एक करावं: कुणी काय केलं हे सुरुवातीलाच ईमेलवर लिहून सगळ्यांना पाठवावं. भांडण सुरू झाल्यावर तारीख असलेला कागद फार कामाला येतो.

बाकीच्या, थोडक्यात

एकच निबंध एका वेळी दोन पत्रिकांना पाठवू नका. ‘जो आधी घेईल त्याला’ हा बाजार आंब्यांचा.

परीक्षक सुचवा म्हटलं तर मित्राचं नाव आणि स्वतःच उघडलेला ईमेल पत्ता देऊ नका. ‘ट्यूमर बायॉलॉजी’मधले १०७ निबंध २०१७ मध्ये एका फटक्यात मागे घेतले गेले, ते खोट्या परीक्षणांपायीच.

आयएसएसएन म्हणजे गाडीचा नंबर. गाडी चांगली आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.८’ असं निबंध मागवणाऱ्या पोस्टरवर लिहिलं असेल तर क्लॅरिव्हेटच्या यादीत बघा; पत्रिकेतल्या निबंधांचा इतरांनी किती संदर्भ दिला याचा हा आकडा तीच कंपनी काढते. तिथे नसेल तर तो आकडा त्यांनी घरीच लावलाय.

स्वतःचा जुना मजकूर नव्या निबंधात घालायचा असेल तर तसं लिहा. आपलंच घर असलं तरी एकच खोली दोनदा विकता येत नाही.

छापून आल्यावर चूक दिसली तर संपादकांना आपणहून कळवा. प्रामाणिक चुकीची दुरुस्ती छापली म्हणून कुणाची नोकरी गेलेली मी पाहिली नाही. लपवलेल्या चुकांनी गेलेल्या पाहिल्यात.

आणि चॅटबॉट. पत्रिकांच्या नीतिमत्तेसाठी काम करणाऱ्या कोप या संस्थेने स्पष्ट सांगितलंय की तो लेखक होऊ शकत नाही, कारण जबाबदारी घेऊ शकत नाही. वापरला तर सांगायचं. माझी अडचण मात्र अगदी जमिनीवरची आहे. गेल्या महिन्यात एक मुलगा संदर्भसूची घेऊन आला. ‘मॅडम, यातलं हे सातवं पुस्तक काढून द्या, मार्गदर्शकांना पान दाखवायचंय.’ लेखक खरे, प्रकाशन खरं, नाव एकदम पटण्यासारखं. मी आमची सूची पाहिली, इतर विद्यापीठांच्या पाहिल्या, पुण्याला एका जुन्या ग्रंथपालांना फोन केला. तास गेला. असं पुस्तक कधी निघालंच नव्हतं. मुलाला सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला, मग हळूच म्हणाला,

‘मग मॅडम, हेच वाक्य असलेलं दुसरं एखादं पुस्तक आहे का आपल्याकडे?’